जयकरमध्ये जागा मिळत नाही, मग बसायचं कुठे?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीडहून येऊन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश घेतलास, सोबत नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेची तयारी आहे. वसतिगृहाच्या खोलीत फोन, गप्पा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरून होणाऱ्या कुरबुरी यांत वाचन होत नाही. जयकर ग्रंथालयात जरा उशिरा पोहोचलं की खुर्ची नसते, आणि मिळालीच तर दुपारी डोळे मिटतात. एवढं मोठं आवार आहे, तर शांतपणे बसायला चांगली जागा नेमकी कुठे?

माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत गेली. देवघेव काउंटर, नियतकालिकं, वाचनकक्षाची देखरेख, सगळीकडे बसून झालं. वाचनकक्षात कोण चार तास बसून दोन पानं उलटतं आणि कोण दीड तासात काम उरकून उठतं, हे टेबलामागून आपोआप दिसत राहतं. त्यावरून सांगते: तू 'अभ्यासाची जागा' एकच असते असं धरून शोधते आहेस, म्हणून ती सापडत नाही. सॅम्युएलसनचं अर्थशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा समजून घेणं, अर्थमितीची, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाची, गणितं सोडवणं, नेटच्या पहिल्या पेपरचं पाठांतर करणं आणि सेमिनारचा निबंध लिहिणं ही चार वेगळी कामं आहेत. एकाच खुर्चीवर चारही करायला गेलीस तर त्यातली दोन तरी फसणार. आधी काम ठरव, मग त्या कामाला लागणारं पुस्तक कुठे आहे ते बघ, आणि त्या पुस्तकाच्या जवळची खुर्ची शोध.

पुस्तकाच्या जवळची, हे मुद्दाम म्हणते आहे.

जयकरमध्ये गर्दी कशाची असते ते नीट पाहा. मोठ्या वाचनकक्षात बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतःची पुस्तकं घेऊन आलेले असतात: स्पर्धा परीक्षांचे संच, क्लासच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका. ग्रंथालयातल्या पुस्तकांशी त्यांचा फारसा संबंध येत नाही. त्यांना टेबल, दिवा, पंखा आणि आजूबाजूला वाचणारी माणसं हवी असतात. यात गैर काही नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांची महिन्याची फी ज्यांना परवडत नाही त्यांनी जायचं कुठे? पण त्यांच्याशी खुर्चीसाठी शर्यत लावून तू जिंकणार नाहीस. ते दार उघडायच्या आधी पायरीवर असतात, उशी आणि थर्मास घेऊन येतात आणि दिवसभर उठत नाहीत. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी वही ठेवून शेजारच्या मित्राचीही जागा धरून ठेवतात.

तुझी गोष्ट निराळी आहे. तुला ग्रंथालयातली पुस्तकं लागतात. म्हणून तू त्या भागात बस, जिथे खुर्चीसाठी येणारे बसत नाहीत. कोणत्याही मोठ्या विद्यापीठीय ग्रंथालयात असे तीन-चार कोपरे असतातच. नियतकालिक विभागात सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी वर्दळ असते, पण जर्नलच्या बांधीव खंडांच्या कपाटांकडे दिवसभर फारसं कोणी फिरकत नाही. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत, त्यामुळे तिथे येणारा माणूस काम घेऊन येतो आणि काम झालं की जातो. खुर्च्या लवकर मोकळ्या होतात. प्रबंधांचा विभाग तर अलीकडे आणखी ओस पडलाय, कारण बरेचसे पीएच.डी. प्रबंध आता इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर घरबसल्या वाचता येतात. ज्या विभागात स्वतःची पुस्तकं आत न्यायला मनाई असते तिथे हमखास जागा मिळते. आपण त्या नियमाला वैतागतो, पण खुर्च्या मोकळ्या राहतात त्या त्याच नियमामुळे. सॅक प्रॉपर्टी काउंटरवर ठेव. कोरे कागद, पेन, ओळखपत्र आणि कॅल्क्युलेटर घेऊन आत जा.

अर्थशास्त्राला याचा दुहेरी फायदा आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक कपाटातून काढून शेजारच्याच टेबलावर उघडलेस, की एका लेखाला दुसऱ्याने दिलेलं उत्तर पुढच्या काही अंकांत लगेच सापडतं. हे साप्ताहिक १९६६पासून निघतं आणि त्याआधी १९४९पासून 'इकॉनॉमिक वीकली' होतं. शेतीतल्या उत्पादकतेवर, दारिद्र्यरेषेवर जे वाद तुम्हाला अभ्यासक्रमात एका परिच्छेदात शिकवतात, ते मुळात तिथे वर्षानुवर्षं चालले. फोनवर तुला तो एक लेख दिसेल. बांधीव खंडात त्याच्या मागचा-पुढचा वादही हाताखालीच असतो.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणी सांगत नाही. विद्यापीठाने वर्गणी भरलेली बरीच ई-नियतकालिकं आणि डेटाबेस विद्यापीठाच्या नेटवर्कवरूनच उघडतात. वसतिगृहात मोबाइलच्या डेटावर तोच दुवा उघडलास तर पैसे मागतो. म्हणून लेख उतरवून घेणं हे 'आवारातल्या जागेचं' काम आहे. त्यासाठी वेगळा तास काढ, वाय-फाय चांगलं येतं तिथे बसून आठवड्याचे लेख उतरवून घे आणि वाचायला दुसरीकडे जा. बाहेरून लॉगिन करायची सोय आपल्या ग्रंथालयात कशी मिळते, हे ग्रंथालयातच विचार. तो अर्ज एकदाच करायचा असतो, आणि लाजून न विचारणारी मुलं दोन वर्षं पुस्तकांच्या चोरट्या प्रती शोधत बसतात.

आता खुर्चीच्या वेळेबद्दल. वाचनकक्ष कधीही सगळा वेळ भरलेला नसतो. सकाळी भरतो, एक ते अडीचच्या दरम्यान मेस आणि डब्यासाठी अर्धा रिकामा होतो, चारला चहासाठी हलतो आणि संध्याकाळी पुन्हा भरतो. लेक्चर संपवून साडेबाराला आलेली मुलगी जागा नाही म्हणून परत जाते आणि एक वाजता तिथे रांगेने खुर्च्या मोकळ्या असतात. एक आठवडा जेवायची वेळ बदलून बघ: बाराला जेव, एकला ये. टेबलावर वही किंवा बाटली ठेवून गायब झालेल्यांच्या वस्तू मात्र स्वतः उचलून बाजूला ठेवू नकोस. त्यातून जी भांडणं होतात ती मी पुष्कळ सोडवली आहेत आणि त्यात दोन्ही बाजूंचा अभ्यास बुडतो. काउंटरवर सांग. तिथल्या माणसाने वस्तू हलवली तर कोणी वाद घालत नाही. उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा परीक्षेच्या काळात आणि सुट्टीत बदलतात. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस, फलक वाच.

खुर्ची निवडताना काय पाहायचं? पहिली गोष्ट दाराची. दारासमोर, पाण्याच्या कूलरजवळ, जिन्याच्या तोंडाशी आणि देवघेव काउंटरच्या टप्प्यात बसू नकोस. दर मिनिटाला मान वर होते. दुसरी आवाजाची, आणि इथे लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. पंख्याची घरघर, लांबच्या रस्त्याची गाज, पावसाचा आवाज यांनी वाचनाचं फारसं बिघडत नाही. मन काही वेळात त्यांना सोडून देतं. बिघडतं ते कळणाऱ्या बोलण्याने. दोन टेबलं सोडून कोणी हळू आवाजात "अगं, मग तो काय म्हणाला?" असं विचारलं की तुझं वाक्य तिथेच तुटतं, कारण कान अर्थ लावायला धावतात. म्हणून कुजबुज चालते अशा शांत कोपऱ्यापेक्षा सतत एकसारखा आवाज असलेला हॉल बरा. गणेशखिंड रस्त्याच्या बाजूच्या इमारतींबद्दल मुलं तक्रार करतात. २०२०मध्ये विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल पाडल्यापासून मेट्रो आणि नव्या पुलाच्या कामाने त्या बाजूचा आवाज वाढला हे खरं. तरी तिथेही त्रास होतो तो हॉर्नचा आणि तोडफोडीचा, नुसत्या रहदारीचा नाही. मुख्य दरवाजापासून जितकी आत जाशील तितकं ते कमी होतं.

तिसरी गोष्ट उजेडाची. टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड वाचायला पुरेसा मानतात. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट ॲप मिळतात. ती अचूक नसतात, पण एका टेबलावर १२० आणि शेजारच्यावर ४०० दाखवत असतील तर कुठे बसायचं ते कळायला तेवढं पुरतं. खिडकी डावीकडे असावी, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुरी असशील तर उलट. उत्तरेची खिडकी मिळाली तर सोडू नकोस, वर्षातले बहुतेक महिने तिथून दुपारी थेट ऊन येत नाही. पुण्यात याला एक अपवाद आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे नेमक्या मेअखेरच्या उकाड्यात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतं आणि लोक म्हणतात यंदा काहीतरी विचित्रच आहे. जूनमध्ये ढग आले की तो प्रश्न मिटतो.

पंख्याच्या बरोबर खाली बसू नकोस, दोन पंख्यांच्या मध्ये बस. कागद उडत नाहीत आणि डोळे कोरडे पडत नाहीत.

झोपेचं म्हणालीस. दुपारी एक ते तीन या वेळात शरीराची जाग तशीही उतरते, त्यावर मेसचा भात, आणि त्यावर बंद खिडक्यांचा भरलेला हॉल. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत ४२० च्या आसपास असतं. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत ते १,००० च्या वर सहज जातं आणि जडपणा जाणवू लागतो. वातानुकूलित कक्ष मुलांना आवडतो, पण दुपारी सगळ्यात जास्त डोकी टेबलावर टेकलेली मी तिथेच पाहिली. यावर उपाय जागेचा आणि कामाचा मिळून करायचा. त्या दोन तासांत खिडकी उघडी असलेल्या भागात बस आणि फक्त हाताचं काम कर: गणितं, आलेख, टाचणं, संदर्भसूची लिहिणं. जड सिद्धान्त त्या वेळी वाचू नकोस. पुस्तक शोधायचं काम असेल तर तेही त्याच वेळी ठेव, उभ्याने कपाटांमधून फिरताना झोप लागत नाही. फारच अनावर झालं तर सरळ खोलीवर जाऊन वीस मिनिटं पड. टेबलावर गालाला स्पायरलचे वळ उमटवून घेण्यापेक्षा ते बरं.

आता ग्रंथालयाबाहेर येऊ.

माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात उपयोगी जागा जयकर नाही, तुझा स्वतःचा विभाग आहे. पदव्युत्तर विभागांत दुपारनंतर वर्गखोल्या मोकळ्या पडतात, बऱ्याच विभागांचं छोटं ग्रंथालय किंवा निदान एक वाचनाची खोली असते. त्या खोल्यांची माहिती कुठल्याही नकाशात मिळत नाही. ती असते शिपाईमामांकडे आणि झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. कोणती खोली दोननंतर रिकामी असते, कोणत्या खोलीचा पंखा चालतो, किल्ली कोणाकडे असते, सर पाचला निघतात की सातला, सगळं मामांना ठाऊक असतं. जाऊन नीट विचार: "मामा, दुपारी आम्ही तिघी इथे बसलो तर चालेल का? जाताना दिवे-पंखे बंद करून जाऊ." आणि खरोखर बंद करून जा, फळा पुसून जा, चहाचे कप मागे ठेवू नका. आठवड्याभरात मामा स्वतःहून खोली उघडून देतील. नेहमीसाठी हवी असेल तर चार-पाच जणींनी मिळून विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या: कोणते दिवस, किती ते किती, जबाबदार कोण. तोंडी विनंतीला 'बघू' असं उत्तर मिळतं. लेखी अर्जावर काहीतरी शेरा मारावाच लागतो.

विभागात बसण्याचा दुसरा फायदा असा, की अडलं तर समोरून जाणाऱ्या शिक्षकांना किंवा पीएच.डी.च्या ताईला विचारता येतं. अर्थमितीत अडकलेली मुलगी ग्रंथालयात त्याच पानावर दोन तास घालवते. विभागात तोच प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. गणितं सोडवणं, गटाने चर्चा करणं, सेमिनारची तालीम करणं ही सगळी बोलायची कामं आहेत. ती वाचनकक्षात करू नका, विभागात करा.

शेजारच्या विभागांचाही विचार कर. शेतमजूर बायका, घरकामाचं मोल, असंघटित क्षेत्र असा विषय सेमिनारला घेणार असशील तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात जाऊन तिथल्या वाचनसाहित्याची चौकशी कर. दुसऱ्या विभागात बसायला आधी विचारावं लागतं, पण विषय सांगून विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. 'नुसती बसायला जागा हवी' म्हणालीस तर म्हणतील. खगोलशास्त्राच्या आयुका आणि एनसीआरए, संगणकाची सी-डॅक या संशोधन संस्थांचं मात्र वेगळं आहे. त्या आवारातच दिसतात, आयुकाची चार्ल्स कोरियांनी रचलेली इमारत आणि तिच्या चौकातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन पाहून वाटतंच की इथे पुस्तक घेऊन बसावं. पण त्या स्वतंत्र संस्था आहेत, त्यांचं स्वतःचं फाटक आणि स्वतःचे नियम आहेत. व्याख्यान किंवा विज्ञानदिनाचा कार्यक्रम असेल तेव्हा जरूर जा, अभ्यासाची जागा म्हणून धरून चालू नकोस.

उघड्यावरच्या जागांबद्दल माझं मत इतरांहून जरा कडक आहे. मुख्य इमारतीच्या हिरवळीवर वडाखाली पुस्तक उघडून बसलेली मुलं छायाचित्रात छान दिसतात. हे सगळं आवार मुळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होतं. १८६०च्या दशकात बार्टल फ्रियरच्या काळात ते बांधायला घेतलं. १९४९मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. त्यांचंच नाव ग्रंथालयाला आहे. म्हणजे ही झाडं आणि हिरवळी लाटसाहेबांच्या फेरफटक्यासाठी होत्या, मांडीवर वही घेऊन तीन तास लिहिण्यासाठी नव्हेत. आजही तिथलं खरं सुख फिरण्याचंच आहे, आणि तू तेच वापर. पाठांतर, सूत्रं, कालक्रम, पेपर एकमधल्या संज्ञा: हे सगळं हातात चिठ्ठ्या घेऊन चालता चालता पुटपुटण्याचं काम आहे. चारशे अकरा एकरांत पुटपुटणाऱ्या मुलीकडे कोणी वळून बघत नाही.

बसायचंच असेल तर ऋतू पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेआठ ते अकरा उघड्यावर उत्तम. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, सावली सरकते आणि आपण सरकत नाही. मार्चपासून नऊ-साडेनऊच्या पुढे बाहेर थांबण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात दगडी बाक वरून कोरडा दिसतो आणि दहा मिनिटांत कपड्यांना ओल लागते. वडाखाली बसण्याआधी वर पाहा आणि खाली पाहा. वर फळं लागलेली असतील तर पक्षी असणारच, खाली मुंगळ्यांची रांग असेल तर दुसरं झाड बघ. पावसाळ्यात गवतात पाय टाकून बसू नकोस, आवारात साप आहेत. संध्याकाळी डास येतात, आणि डेंग्यूचा डास तर दिवसाढवळ्या चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. लॅपटॉप बाहेर आणूच नकोस. पडद्यावर आभाळ दिसतं आणि चार्जिंगची सोय नसते.

कँटीनबद्दल विचारलं नाहीस तरी सांगते, कारण कोणी ना कोणी तुला अनिकेत कँटीनला घेऊन जाईलच. जा. वाचलेलं कोणाला तरी समजावून सांगायला कँटीनसारखी जागा नाही. महागाई आणि बेरोजगारीचं नातं दाखवणारा फिलिप्स वक्र चहा संपेपर्यंत मैत्रिणीला सांगता आला तर तो तुला कळलाय. पण पुस्तक उघडून तिथे बसू नकोस, आणि गर्दीच्या वेळी एका चहावर टेबल अडवू नकोस.

अंधार पडल्यावर कुठे बसायचं हा प्रश्न मुलींसाठी जागेपेक्षा रस्त्याचा आहे. जागा कितीही चांगली असली तरी तिथून वसतिगृहापर्यंतचा रस्ता आधी संध्याकाळी सात-साडेसातला, मैत्रिणीसोबत, चालून बघ. कुठे दिवे बंद आहेत, कुठे सुरक्षारक्षक बसतो, कोणता पट्टा नुसता झाडीचा आहे हे त्या वेळीच कळतं. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. जुलैत पाहिलेला उजेडाचा रस्ता डिसेंबरात तसा नसतो. वसतिगृहाची हजेरीची वेळ धरून अर्धा तास आधी उठ. रिकाम्या विभागात रात्री एकटीने बसू नकोस, तिघी असाल तरच बसा आणि मामांना माहीत असू द्या.

खोलीचं काय करायचं? खोली सोडून देऊ नकोस. तिघींनी मिळून एक ठरवा: रात्री दहानंतर फोन बाहेर व्हरांड्यात. इतर कुठलेही नियम केले तरी ते टिकत नाहीत, हा बहुधा टिकतो, कारण त्रास तिघींनाही त्याचाच होत असतो. मग खोलीत झोपण्यापूर्वीचा अर्धा तास, दिवसभराची टाचणं चाळण्यापुरता, नक्की मिळेल. त्याहून जास्तीची अपेक्षा तिथून करू नकोस.

एकच जागा पक्की धरावी की बदलत राहावं, यावर मुलं वाद घालतात. १९७८मध्ये स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. शब्दांची तीच यादी काहींनी दोनदा एकाच खोलीत पाठ केली, काहींनी दोन वेगवेगळ्या खोल्यांत. नंतर तिसऱ्याच खोलीत परीक्षा घेतली. दोन खोल्यांत पाठ केलेल्यांना जास्त शब्द आठवले. यावरून रोज नवी जागा शोधत फिरायचं नाही. तो शब्द आठवण्याचा छोटा प्रयोग होता, आणि जागा शोधण्यात गेलेला अर्धा तास कुठल्याही प्रयोगाने भरून येत नाही. पण जे पाठ करायचं ते एकदा ग्रंथालयात आणि एकदा चालताना म्हटलंस तर तोटा काही नाही. माझा सल्ला साधा: दोन जागा पक्क्या ठेव आणि एक अडीअडचणीची. तुझ्या बाबतीत सकाळी नियतकालिक किंवा संदर्भ विभाग, दुपारनंतर विभागातली खोली. आणि दोन्ही बंद असतील त्या दिवसासाठी, म्हणजे सुट्टी, कार्यक्रम, वीज गेली तर, वसतिगृहाची मेस. जेवणाच्या वेळा सोडून मेसमध्ये मोठी टेबलं रिकामी असतात. तिथल्या ताईंना आधी विचारून ठेव.

जागा नक्की करण्याआधी तिथे सकाळी, जेवणाच्या वेळी, चारला आणि दिवेलागणीला अशी चक्कर मार. सकाळी स्वर्ग वाटलेल्या खोलीशेजारी चारला ढोल-ताशाचा सराव सुरू होऊ शकतो, विशेषतः गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना.

आवाराबाहेरची एक जागा अर्थशास्त्राच्या मुलीला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेक्कन जिमखान्याजवळ, बीएमसीसी रस्त्यावर गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. १९३०ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आणि त्यांचंच नाव तिथल्या ग्रंथालयाला आहे. या ग्रंथसंग्रहाची सुरुवात १९०५मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाबरोबर झाली. जनगणनेचे जुने अहवाल, सरकारी समित्यांची कागदपत्रं, संयुक्त राष्ट्रांची प्रकाशनं हे तिथलं खरं धन. दुसऱ्या वर्षी प्रकल्प करशील तेव्हा आकडेवारीसाठी तिथे जावंच लागेल. बाहेरच्या विद्यार्थ्यांना कोणत्या अटींवर बसू देतात ते आधी फोन करून विचार आणि विभागप्रमुखांच्या सहीचं ओळखपत्र घेऊन जा. रोज जायची जागा ती नाही, जाण्या-येण्यातच वेळ जातो. महिन्यातून एक पूर्ण दिवस काढून जा, काय पाहायचं त्याची यादी घेऊन.

राहिली नेट. ती संगणकावर होते. दोन्ही पेपर सलग तीन तास, मध्ये सुट्टी नाही, १५० प्रश्न. परीक्षा केंद्रावर तुझी आवडती खिडकी नसते. थंड खोली, चारी बाजूंनी माऊसची टकटक, शेजारी कोणीतरी पाय हलवत बसलेला. म्हणून सराव परीक्षा शांत कोपऱ्यात देऊ नकोस. परीक्षेच्या आधीचे दीड-दोन महिने आठवड्यातून एकदा, जयकर भरगच्च असतं त्या वेळी, संगणक कक्षात जागा मिळवून तीन तास न उठता पूर्ण पेपर दे. पाण्याची बाटली बाहेर ठेव, कच्चं काम एकाच कागदावर कर, आणि शेजारच्याने खुर्ची ओढली तरी घड्याळ थांबवू नकोस. त्या एका दिवसासाठी तुला मुद्दाम वाईट जागाच शोधायची आहे.